अठरा अंशांची राखण

मेलबर्नच्या काही उपनगरांत नगरपालिका ठरावीक वेळी अवजड कचरा उचलते. त्याआधीचे काही दिवस घरांसमोरच्या हिरवळीच्या पट्ट्यावर मोडके सोफे, गंजलेल्या सायकली, गाद्या असे काय काय येऊन पडते आणि मधूनच एखादा फ्रीज उभा दिसतो. त्यातले बरेच फ्रीज चालू असतात. घरात मोठा, दोन दारांचा नवा आला आणि जुन्याला जागा उरली नाही, एवढेच झालेले असते. घरी बिअर बनवणारी माणसे या दिवसांत गल्लीतून जरा हळू गाडी चालवतात. आतल्या फळ्या काढल्या की तीस लिटरचा पिंप उभा राहील असा साधा, एका दाराचा फ्रीज ते शोधत असतात. दूध-भाजीला लागणारी चार अंशांची थंडी त्यांच्या कामाची नसते. त्यांना अठरा अंश हवे असतात, पंधरा दिवस, रात्रंदिवस. बाहेर चाळीस असोत नाहीतर आठ.

मी या माणसांपैकी एक आहे आणि या खटाटोपाला छंदापलीकडे काही अर्थ आहे असे मला मनापासून वाटते. बिअरची चव कशात असते असे विचारले की बहुतेक जण घटकांची यादी देतात: माल्ट कोणते, हॉप्स कोणते, पाणी कुठले. पाककृतीच्या पुस्तकांनी आपल्याला ही सवय लावली आहे. माझे म्हणणे असे की चवीचा फार मोठा हिस्सा त्या यादीत सापडतच नाही. सगळे जिन्नस एकत्र आल्यावर, करण्यासारखे काही उरलेले नसताना, जी राखण करावी लागते तिच्यात तो असतो. या राखणीला आपण कारागिरी मानत नाही, आणि यंत्राच्या मदतीने केली तर मुळीच मानत नाही. हे मला चुकीचे वाटते.

पिंपात काय घडते ते आधी पाहू. माल्ट केलेली बार्ली गरम पाण्यात मुरवून तिचे गोड पाणी काढायचे. याला वर्ट म्हणतात. ते हॉप्स घालून उकळायचे, निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते हे शाळेत शिकवतात. ते उष्णताही तयार करते हे सहसा सांगायचे राहून जाते. एक किलो साखर आंबताना साडेपाचशे ते सहाशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर पडते. घरच्या २० लिटरच्या बिअरमध्ये साधारण पावणेदोन किलो साखर आंबते. तिची सगळी उष्णता आतच अडकली, तर तो द्रव दहा-बारा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात ती पिंपाच्या भिंतीतून झिरपत राहते, म्हणून वाढ तीन-चार अंशांवर, फार तर पाचावर थांबते. वॅटमध्ये मोजली तर अगदी ऐन भरातही ही उष्णता रात्री लावायच्या झिरोच्या बल्बाहून कमी भरते. पण ती द्रवाच्या पोटात, सलग दोन-तीन दिवस निघत असते. त्यामुळे गॅरेजमध्ये २२ अंश असले की पिंपात २६ असू शकतात, आणि भिंतीवरचा तापमापक पाहून निर्धास्त राहिलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तापलेले यीस्ट घाईने वाढते आणि त्या घाईत जे बाहेर टाकते ते जिभेला कळते. आयसोअमाइल अॅसिटेटने पिकल्या केळ्याचा वास येतो. इथाइल अॅसिटेट वाढले की नेलपॉलिश पुसायच्या द्रावणाची आठवण होते. फ्यूजल अल्कोहोल घशाशी जळजळते. यातले बहुतेक सारे पहिल्या तीन दिवसांत, पेशींची संख्या वाढत असतानाच घडून जाते. चौथ्या दिवशी जाग येऊन पिंप गार पाण्यात बसवला तरी झालेले माघारी फिरत नाही.

घरच्या बिअरची ऑस्ट्रेलियात एक जुनी बदनामी आहे: ती उग्र असते, दुसऱ्या दिवशी डोके धरते. माल्टच्या अर्काचा १.७ किलोचा डबा, एक किलो साखर आणि २३ लिटर होईपर्यंत पाणी ही इथल्या असंख्य घरांतली पहिली बिअर. लोक दोष देतात तो डब्याला आणि साखरेला. माझ्या मते डब्यावर अन्याय झाला आहे. जानेवारीत पत्र्याच्या शेडमध्ये तीस अंशांना, साध्या यीस्टने आंबवली तर उत्तमातल्या उत्तम माल्टची बिअरही तशीच उग्र होईल.

मेलबर्नमध्ये तर उष्णतेपेक्षा चढउतार जास्त छळतो. उन्हाळ्यात उत्तरेकडून, खंडाच्या कोरड्या पोटातून वारा आला की पारा चाळिशी ओलांडतो. ७ फेब्रुवारी २००९ ला इथे ४६.४ अंशांची नोंद झाली. आणि दक्षिणेचा समुद्री वारा फिरला की बघता बघता दहा-पंधरा अंश उतरतात. एकाच दिवसात चार ऋतू, असे इथले लोक आपल्या शहराबद्दल सांगतात. यीस्टला हे सोसत नाही. तापले की ते उधळते. एकदम गारठले की काम अर्धवट टाकून तळाशी बसते आणि बिअर गोडच राहते.

ही अडचण जुनी आहे आणि माणसांनी तिच्यापायी केवढा पसारा मांडला ते पाहण्यासारखे आहे. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५३ मध्ये हुकूम काढला की बिअर बनवायची ती २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंतच. उन्हाळ्यातली बिअर नासते. का नासते ते कोणालाच ठाऊक नव्हते, केव्हा नासते ते मात्र पक्के ठाऊक होते. मग हिवाळा सरता सरता बनवलेली बिअर खोल तळघरांत ठेवायची, गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेला बर्फ सोबतीला रचायचा, आणि तळघराच्या डोक्यावर चेस्टनटची झाडे लावून जमीन सावलीत राखायची. म्यूनिकच्या ज्या बिअर गार्डनांत आज पर्यटक बसतात, त्यांची सावली मुळात खालच्या पिंपांसाठी होती. अशा थंडीत सावकाश काम करणारे, लागर या बिअरचे यीस्ट याच व्यवहारात पुढे आले. आज त्याला सॅकरोमायसिस पास्तोरियानस म्हणतात.

हिंदुस्थानात इंग्रजांनी खाली खणण्याऐवजी वर चढायचे ठरवले. १८५० च्या दशकात एडवर्ड डायरने हिमालयाच्या अंगावर कसौलीला ब्रूअरी काढली; १८६० मध्ये मरीजवळ घोडा गल्लीला आणखी एक निघाली. मैदानातल्या छावण्यांची बिअर डोंगरावर बनू लागली.

ऑस्ट्रेलियात तळीही गोठत नव्हती आणि हिमालयही नव्हता. इथे यंत्र आले, आणि ते माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आले याचे मला फार अप्रूप आहे. जिलाँग गावी जेम्स हॅरिसन नावाचा स्कॉटलंडहून आलेला मुद्रक होता, ‘जिलाँग अॅडव्हर्टायझर’ या पत्राचा संपादक. छपाईचे खिळे ईथरने पुसताना धातू गार पडतो हे त्याच्या ध्यानात आले असे सांगतात. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. ती वाफ पंपाने दाबून, निववून पुन्हा द्रव केली की तोच द्रव परत कामाला लावता येतो. या तत्त्वावर हॅरिसनने बारवन नदीच्या काठी बर्फाचे यंत्र उभारले आणि १८५६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतले. सोन्याच्या खाणींच्या बेंडिगो गावातली एक ब्रूअरी त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी होती. पुढे १८७३ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजाने गोठवलेले मांस लंडनला धाडण्याच्या प्रयत्नात माल वाटेतच नासला आणि हॅरिसन धुळीला मिळाला. त्याच दशकात म्यूनिकमध्ये कार्ल लिंडे या प्राध्यापकाने आपले शीतयंत्र घडवले, तेही श्पाटेन ब्रूअरीच्या गाब्रिएल सेडलमायर यांच्या पाठबळावर. मेलबर्नमध्ये फॉस्टर बंधूंनी १८८८ मध्ये लागर बनवायला घेतली ती अमेरिकेहून आणलेल्या शीतयंत्रांच्या बळावर.

म्हणजे आपल्या घरातला फ्रीज ज्या यंत्रांचा वंशज आहे त्यांना पहिला मोठा आश्रय ब्रूअरींनी दिला. घरात शिरताना त्याचे काम बदलले. ब्रूअरीत तो एका जिवंत गोष्टीला योग्य चालीने चालू देत होता. स्वयंपाकघरात तो जिवंत गोष्टींना थोपवायला लागला. चार अंशांना जंतूंची वाढ मंदावते म्हणून दूध टिकते. जुन्या घरगुती फ्रीजची कळ साधारण एक ते आठ अंशांच्या दरम्यानच फिरते, कारण त्यापलीकडे घरात कोणाला काही लागेल असे बनवणाऱ्यांना वाटले नाही. गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये बिअर लावणारा माणूस त्या यंत्राला त्याच्या मूळच्या कामावर परत नेत असतो.

त्यासाठी फ्रीज उघडावाही लागत नाही. त्याची स्वतःची कळ सगळ्यात थंड टोकाला फिरवून ठेवायची, म्हणजे वीज मिळाली रे मिळाली की तो थंड करू लागतो. मग त्याचा प्लग भिंतीऐवजी कंट्रोलरमध्ये लावायचा. हा हातभर वायरी असलेला छोटा खोका असतो. त्याची बारीक वायर दाराच्या रबरी पट्टीखालून आत जाते आणि तिच्या टोकाला पेन्सिलीच्या तुकड्याएवढा प्रोब असतो. फ्रीजच्या भिंतीला भोक पाडायचा मोह आवरावा, कारण आत गॅसच्या नळ्या कुठून गेल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही. नव्या फ्रीजमध्ये तर तो गॅस पेट घेणाराही असतो. खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा येतो, म्हणून तळाला प्लायवुडची फळी टाकून त्यावर पिंप ठेवायचा. कंट्रोलरला दुसरेही सॉकेट असते, ऊब देण्यासाठी; त्यात पिंपाभोवती गुंडाळायचा पंचवीस-तीस वॅटचा पट्टा लावायचा. प्रोबने १८.५ दाखवले की फ्रीज चालू, १८ ला बंद, १७.५ पर्यंत घसरले की पट्टा चालू. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पाचेक मिनिटे त्याला विसावा द्यावा लागतो. नळ्यांतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ जातो. त्याआधी सुरू केला तर मोटर अडते आणि तापते. हा विसावाही कंट्रोलरमध्ये मिनिटांत भरून ठेवता येतो.

आता प्रश्न असा की प्रोब ठेवायचा कुठे. दिसायला हा किरकोळ प्रश्न आहे. माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे.

प्रोब फ्रीजच्या हवेत लोंबता सोडला तर आकडे फार सुंदर दिसतात. हवा झटकन गार होते आणि झटकन तापते, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो, आणि पडद्यावर अठरा हलत नाही. पिंपाच्या पोटात मात्र तेव्हा एकवीस-बावीस असू शकतात. उलट टोकाला, स्टीलच्या बंद नळीतून प्रोब थेट द्रवात उतरवला की आकडा खरा मिळतो, पण उशिरा. वीस लिटर द्रव अर्धा अंश उतरायला बराच वेळ घेतो. तोवर कॉम्प्रेसर अखंड चाललेला असतो आणि मागचा पत्रा बर्फासारखा गार झालेला असतो. अठरा झाले, वीज तुटली, तरी तो पत्रा उष्णता ओढतच राहतो. आकडा सतरावर जातो. मग उबेचा पट्टा पेटतो, तो अठराच्या पुढे ढकलतो, पुन्हा कॉम्प्रेसर. एकाच खोक्यात दोन यंत्रे एकमेकांविरुद्ध वीज जाळत बसतात.

बहुतेक अनुभवी लोक मधला मार्ग काढतात. द्रवाच्या पातळीखाली, पिंपाच्या कुशीला प्रोब चिकटवायचा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा दाबून पट्टी मारायची, म्हणजे हवेचा वारा त्याला लागत नाही. आंबणारा द्रव स्वतःच्या बुडबुड्यांनी स्वतःला ढवळत असतो, त्यामुळे भिंतीचे आणि पोटाचे तापमान फारसे वेगळे राहत नाही. ही पद्धत साधी आहे, पण तिच्यामागे एक निर्णय आहे. हवेला प्रोब लावणारा हवेची राखण करतो. पिंपाला लावणारा यीस्टची करतो, आणि त्यासाठी पडद्यावरचा आकडा थोडा वरखाली होऊ देतो. मला वाटते, नियंत्रणाबद्दलचा आपला बराच गोंधळ या पहिल्या प्रकारातून आलेला आहे. सोयीचे ते मोजायचे, आकडा स्थिर दिसला की समाधान मानायचे.

स्थिरता हेच ध्येय आहे असे तरी कुठे आहे? पेल एलसारख्या बिअरला पहिले तीन-चार दिवस अठरा अंश द्यावेत हे खरे. त्या दिवसांत यीस्ट भरात असते आणि लगाम तेव्हाच लागतो. पण जोर ओसरू लागला की मी आकडा हळूहळू वीस-एकवीसपर्यंत जाऊ देते. यीस्टने आधी बाहेर टाकलेले डायअॅसिटिल, ज्याचा लोण्यासारखा वास येतो, ते आता तेच यीस्ट परत शोषून घेते. पण त्यासाठी त्याला जागे राहण्यापुरती ऊब लागते. इथे अठराच धरून बसणारा बिअर बिघडवतो. लागरमध्ये हा टप्पा आणखी ठळक असतो: दहा-बारा अंशांना सुरुवात, शेवटाला सोळा-अठरापर्यंत दोन-तीन दिवसांची मोकळीक, आणि मग शून्याच्या जवळ काही आठवडे. बेल्जियममधल्या वेस्टफ्लेटेरेनच्या मठात तर वीसच्या आसपास सुरू झालेले किण्वन अठ्ठावीसच्या घरात चढू देतात आणि त्यातून फळांचा, मसाल्याचा जो गंध येतो तोच त्या बिअरची ओळख आहे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास हवाच असतो. पेल एलमध्ये जो दोष, तो तिथे गुण. म्हणून तापमान ‘कमी ठेवा’ हा सल्ला अपुरा आहे. या यीस्टला, या दिवशी, कुठे राहू द्यायचे ते ठरवावे लागते, आणि ते कंट्रोलर ठरवत नाही.

‘मग यात हाताचे कसब ते काय राहिले?’ असे मला विचारले जाते, आणि विचारणारे गंभीरपणे विचारतात. त्यांच्या मनात एक चित्र असते: खरा कारागीर अंदाजाने चालतो, यंत्र आले की कारागिरी गेली. हा वाद अडीचशे वर्षे जुना आहे. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून याने १७६२ मध्ये बिअर बनवण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहून त्यात तापमापकाचा आग्रह धरला. त्या काळी पाणी योग्य तापले का हे पाण्यात बोट बुडवून, किंवा वाफ विरळ होऊन पृष्ठभागावर स्वतःचा चेहरा दिसू लागला की ओळखत असत. ती नजरही कमावलेलीच होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तापमापकाने ती नजर आंधळी केली नाही. तिला आणखी बारीक बघायला शिकवले. सॅल्फर्डच्या एका ब्रूअरचा मुलगा जेम्स जूल पुढे अंशाच्या अगदी बारीक भागापर्यंत तापमान मोजू लागला आणि १८४० च्या दशकात उष्णता आणि श्रम यांचे नाते त्याने आकड्यांत मांडले. वर मी ज्या किलोज्यूलमध्ये यीस्टची उष्णता मोजली ते एकक त्याच्या नावाचे. ब्रूअरीतल्या राखणीने भौतिकशास्त्राला काय दिले याचा हा दाखला पुरेसा बोलका आहे.

माझी आई पुण्याहून इथे येते ती बहुधा आमच्या हिवाळ्यात. मी हा फ्रीज तिला पहिल्यांदा दाखवला तेव्हा तिने आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा तर ऊबदार आहे. मग माझं इडलीचं पीठ यातच ठेव की.” जुलैत मेलबर्नच्या स्वयंपाकघरात रात्री पीठ फुगत नाही. ओव्हनचा दिवा लावून ठेवणे, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा बसवणे हे सगळे तिचे करून झाले होते. पिंप रिकामा होता त्या आठवड्यात आम्ही कंट्रोलरला तीस अंश दिले, पट्टा डब्याभोवती गुंडाळला, प्रोब डब्याच्या कुशीला लावला. सकाळी पीठ झाकणाला टेकले होते. तेव्हापासून हिवाळ्यात बिअर आणि पीठ पाळीपाळीने आत जातात आणि मधे फ्रीज नीट धुऊन पुसून घ्यावा लागतो, कारण पिठातले जिवाणू बिअरमध्ये गेले तर ती आंबट होते. आईने प्रोब कुठे लावायचा हे मला विचारले नाही. हवेत लोंबकळणारा प्रोब तिने स्वतःच उचलून डब्याला टेकवला. विरजणाच्या भांड्याला बाहेरून हात लावून बघण्यात तिची हयात गेली आहे.

बिअरबद्दल लिहिताना दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरासाठी बिअर बनवायला परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही, आणि ऊर्ध्वपातन करून दारू गाळणे परवान्याशिवाय बेकायदा आहे. अमेरिकेत घरच्या बिअरवरची केंद्राची बंदी जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने उठली, आणि तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत ती कायदेशीर व्हायला २०१३ उजाडले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणे हा गुन्हा आहे. तिथल्या वाचकाने हा लेख अनुकरणासाठी वाचू नये. दुसरी गोष्ट जागेची. वीस लिटर बिअर आंबताना चारशे लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे साध्या फ्रीजच्या पोटात मावणार नाही इतका. म्हणून फ्रीज हवेशीर गॅरेजमध्येच असावा आणि दार उघडताना आत डोके घालू नये.

पर्यावरणाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानते. जुना फ्रीज वीज खातो, हे खरे. पण किती खातो हे तो किती अंशांवर धरून ठेवायचा यावर ठरते. बाहेर २६ अंश असताना आत ४ राखायचे तर फरक २२ अंशांचा. १८ राखायचे तर फक्त ८ चा. भिंतींतून आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे काम जवळपास एक तृतीयांशावर येते. ज्या यंत्राला चार अंशांवर ठेवणे आज परवडत नाही, तेच अठरा अंशांवर अजून बरीच वर्षे चालू शकते. याउलट, तेच जुने धूड गॅरेजमध्ये बारा महिने चालू ठेवून त्यात चार बाटल्या गार करणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते, आणि ती इथे घरोघरी चालते. जुन्या फ्रीजच्या पोटातला गॅसही विसरता येत नाही. त्यात बहुधा आर-१३४ए असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक ऊब धरतो. फ्रीज रस्त्यावरून उचलून आणणाऱ्याने ती जबाबदारीही उचललेली असते. तो मरेल तेव्हा गॅस रीतसर काढून घेणाऱ्याकडेच तो गेला पाहिजे.

आणि नॉर्वेचे क्वाइक? माझ्या म्हणण्याला खरे आव्हान तिथून येते. पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे यीस्ट. लार्स मारियस गार्शोल यांनी गावोगाव फिरून त्याची नोंद केली आणि गेल्या दशकात ते जगभर पोचले. लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ते वर्षभर ठेवत आणि कोमट वर्टमध्येच सोडत. व्हॉस भागातले क्वाइक अडतीस-एकोणचाळीस अंशांना दोन-तीन दिवसांत काम उरकते, आणि फ्यूजलचा उग्रपणा येत नाही. येतो तो संत्र्याचा हलका गंध. जानेवारीतल्या मेलबर्नसाठी जणू मागणी करून घडवलेले यीस्ट. मग जागा यीस्टजोगी बनवण्यासाठी वीज का जाळायची? जागेला मानवणारे यीस्टच घ्यावे, हा युक्तिवाद मला पटतो. क्वाइक जपणारी ती घरेही राखणच करत होती; फक्त ती पिंपाभोवतीच्या हवेची नव्हती, यीस्टच्या वंशाची होती. दरवेळी चांगल्या बिअरचे यीस्ट वेचून वाळवायचे, बिघडले तर शेजाऱ्याकडून मागून आणायचे. पण त्याने फक्त एका कुळाच्या चवी मिळतात. क्वाइकने पिल्सनरसारखी लागर होत नाही, आणि ज्याला पिल्सनरची ओढ आहे त्याला दहा अंश कुठून तरी आणावेच लागतात.

मी मधला रस्ता धरला आहे आणि तो ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबर ते फेब्रुवारी फ्रीजचा प्लग काढलेला असतो. त्या दिवसांत क्वाइक लावते, पिंप शेडच्या सावलीत चादर गुंडाळून ठेवते, आणि दिवसाचा पारा कितीही चढला तरी काळजी करत नाही. मार्च सरला की पेल एल, तेव्हा गॅरेज रात्रंदिवस पंधरा ते बावीसमध्ये हिंदकळत असते आणि फ्रीज ते हिंदकळणे तेवढे शोषून घेतो. आणि जून ते ऑगस्ट लागर. आल्ब्रेख्तचे पंचांग दक्षिण गोलार्धात सहा महिन्यांनी उलटे लावावे लागते एवढेच. त्या महिन्यांत गॅरेज स्वतःच दहा-बारा अंशांवर असते. पिंप त्याच फ्रीजमध्ये, प्रोब तसाच कुशीला, कंट्रोलरवर अकरा. कॉम्प्रेसर चालतो तो मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या दिवशी, यीस्ट भरात येऊन स्वतःची उष्णता ओतू लागते तेव्हा, आणि ती बाहेर काढण्यापुरताच.